वडिलांचा कर्करोग जंतांमुळे झाला का?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागावर पोट असलेल्या घरातल्या ३८ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. आई नाही, माहेरचं पाणी-स्वयंपाक याच बघतात. वडील ५८ वर्षांचे. गेल्या वर्षी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. शौचाच्या रिपोर्टमध्ये 'एंटअमीबा हिस्टोलिटिका सिस्ट' (अमीबाचं कवचातलं रूप) असं लिहून आलं. मग अमीबाचा कोर्स, जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या असं आठ महिने चाललं. रक्त थोडं चढायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी पोटात उजवीकडे गाठ हाताला लागली, कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) झाली आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालंय, केमो सुरू व्हायचीय. आता नातेवाइकांच्या ग्रुपवर 'कॅन्सर म्हणजे जंतच' असे व्हिडिओ फिरताहेत. ४१ वर्षांच्या भावाचा आग्रह आहे की सगळ्या घराने दर महिन्याला जंताची गोळी घ्यावी आणि वडिलांना केमोऐवजी जनावरांचं जंतनाशक द्यावं. ताईंना मात्र वेगळंच खातंय : हौदातलं साठवलेलं पाणी आपण रोज उकळलं नाही, म्हणून तर हे झालं नाही ना? मुलं दहा आणि सहा वर्षांची आहेत, त्यांचं काय? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ : भावालाही अधूनमधून शौचातून रक्त पडतं, पण त्याला मूळव्याध आहे.

ताई,

पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे. भावाच्या रक्ताबद्दल पुढे सविस्तर येईलच. पण आधी जंतांचं काय ते मिटवू, नाहीतर बाकीचं कानावर पडेल, डोक्यात शिरणार नाही.

जंत आणि कर्करोग यांचा संबंध ही निव्वळ व्हॉट्सॲपची पैदास नाही, म्हणूनच तो व्हिडिओ खरा वाटतो. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. कशामुळे कर्करोग होतो, कशामुळे होत नाही, याची वर्गवारी ती करते. तिच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात, तीन कृमी आहेत. शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा मूत्राशयाच्या भोवतालच्या रक्तवाहिन्यांत राहतो आणि मूत्राशयाचा कर्करोग घडवतो. त्याचा मुलूख आफ्रिका आणि पश्चिम आशिया. दुसरे दोन यकृतातले चपटे कृमी. एक थायलंड-लाओसकडचा, दुसरा चीन-कोरियाकडचा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ल्याने ते पोटात जातात आणि त्यांच्यामुळे होतो तो पित्तनलिकेचा कर्करोग. मोठ्या आतड्याचा कर्करोग या तिघांपैकी कुणाच्याच खात्यावर नाही.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत ज्याच्यावर खरोखर बोट ठेवलं गेलंय असा कृमी एकच, शिस्टोसोमा जपोनिकम. चीन आणि फिलिपिन्समधला. त्याची अंडी आतड्याच्या भिंतीत अडकून पडतात, शरीर वर्षानुवर्षं त्यांच्याशी झुंजत राहतं, तिथे दाह होतो, व्रण पडतात, गाठी उठतात आणि त्या सततच्या झीज-भरीत एखादी पेशी बिघडू शकते. इतकं असूनही त्या संस्थेने त्याला 'शक्यता आहे' एवढ्याच गटात ठेवलंय. शिवाय हे कृमी पसरायला ठरावीक जातीची गोगलगाय लागते, ती नसेल तर साखळीच तुटते. आपल्या महाराष्ट्रात १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्राशयाच्या शिस्टोसोमाचे रुग्ण सापडल्याची नोंद आहे, पण तो तेवढाच एक ठिपका. सोलापूरच्या नळाशी त्याचा संबंध नाही. आणि उजनीचा मासा आपण तळतो, रश्श्यात शिजवतो. त्या आचेत यकृतकृमीची पिल्लं जगत नाहीत.

आता आपल्याकडे घरोघरी असतात ते. अमीबा, जिआर्डिया, गोल जंत, अंकुशकृमी, चाबूककृमी. यांच्यापैकी कुणामुळेही मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना त्याची लागण केली तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये तो जास्त प्रमाणात सापडल्याचेही अभ्यास आहेत. पण इथे आधी काय आणि नंतर काय हा पेच आहे. कर्करोगाने शरीर खंगतं, प्रतिकारशक्ती उतरते, आणि मग असले परजीवी सहज घर करतात. रुग्णाच्या शौचात परजीवी सापडला म्हणजे त्यानेच गाठ केली असं होत नाही. संशोधकांना यात काम आहे. तुमच्या घरात मात्र त्यावरून आज काही करण्यासारखं नाही.

(जंतांनी कर्करोग होतो या कल्पनेला एकदा नोबेलही मिळून गेलंय. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना १९२६ सालचं. झुरळांतून उंदरांच्या जठरात जाणाऱ्या एका कृमीने कर्करोग होतो असं त्यांनी दाखवलं होतं. पुढे कळलं की त्या उंदरांच्या खाण्यात अ जीवनसत्त्वच नव्हतं आणि ज्याला कर्करोग म्हटलं तो बहुतेक कर्करोग नव्हता. नोबेलवाल्यांना चकवणारी कल्पना फॅमिली ग्रुपला चकवणारच.)

तेव्हा हौदातल्या पाण्याचं ओझं खाली ठेवा. पाणी न उकळल्याने हगवण होते, कावीळ होते, टायफॉइड होतो, ते टाळायलाच हवं. पण वडिलांची गाठ त्या पाण्यातून आलेली नाही. मोठ्या आतड्यात साध्या कोंबाची (पॉलिप, म्हणजे अस्तरावरची लहानशी वाढ) कर्करोगाची गाठ व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. वय, आनुवंशिकता, तंबाखू, दारू, पोटावरची चरबी, बैठं काम, प्रक्रिया केलेलं मांस ही त्यातली ओळखीची कारणं, आणि पुष्कळ रुग्णांत तर बोट ठेवावं असं एकही कारण सापडत नाही.

मग त्या रिपोर्टचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथेच खरी गोम आहे. हिस्टोलिटिका नावाचा अमीबा रोग करतो, डिस्पार नावाचा त्याचा जुळा भाऊ काहीही करत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे सिस्ट हुबेहूब सारखे दिसतात. फरक करायला अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी लागते, ती गल्लीतल्या लॅबमध्ये सहसा होत नाही. त्यामुळे 'सिस्ट दिसले' एवढ्यावरून वडिलांना अमीबाचा आजार होता असंही म्हणता येत नाही. खरा अमीबा आतड्यात घुसतो तेव्हा आव पडते, मुरडा येतो. धाप आणि थकवा एवढंच, पोटाची तक्रार नाही, आणि हिमोग्लोबिन ७.८, हे चित्र अमीबाचं नव्हे.

अंकुशकृमीने मात्र रक्त कमी होतं, हे खरं. त्याच्या एका जातीचा कृमी दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, दुसऱ्या जातीचा ०.२ मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे ७.८ वर यायला पोटात कृमींची फौज हवी, आणि ती असेल तर शौचात अंडी दिसतात, रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सहसा वाढलेले असतात. वडिलांच्या जुन्या सीबीसी रिपोर्टवर तो आकडा छापलेला असेल, बघा. (अमीबा आणि जिआर्डियाने इओसिनोफिल वाढत नाहीत, हेही लक्षात असू द्या.) आणि समजा कृमीच असते, तर जंताची गोळी आणि लोह सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोनने वाढायला हवं होतं आणि वाढलेलं टिकायला हवं होतं. चढून पुन्हा उतरत असेल तर रक्त अजून कुठूनतरी जातंय. टाकी भरत राहायची आणि तोटी गळतीच ठेवायची, असं ते आठ महिने झालं.

उजव्या बाजूच्या आतड्यात मळ अजून पातळ असतो आणि नळी रुंद असते. गाठ मोठी झाली तरी अडकत नाही, दुखत नाही, आणि झिरपणारं रक्त मळात असं मिसळून जातं की डोळ्यांना दिसत नाही. आपल्या संडासात तर पाणी ओतलं की सगळं वाहून जातं, बघतंय कोण! म्हणून उजवीकडच्या गाठीची पहिली खूण पुष्कळदा फक्त धाप आणि थकवा हीच असते. हे तुमच्यासारख्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावं : कुठल्याही वयाचा पुरुष किंवा पाळी थांबलेली बाई, लोह कमी झालंय (फेरिटिन तपासलं की कळतं) आणि ठोस कारण सापडत नाही, तर वरून आणि खालून अशी दोन्ही दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. जंत सापडले तरी ती चुकत नाही. साठीच्या आसपासच्या माणसाला जंत आणि गाठ दोन्ही असू शकतात.

डॉक्टरांवर तुमचा राग आहे, तो पत्रात दिसतो. आठ महिने हा फार मोठा काळ झाला, त्यात दुमत नाही. पण आपल्याकडे उजवीकडच्या गाठीला दावेदार पुष्कळ आहेत. आतड्याचा क्षयरोग तिथेच गाठ करतो, अमीबाही कधीकधी हुबेहूब कर्करोगासारखी गाठ करतो, आणि फैसला बायोप्सीच करते. त्या भांडणात आता शक्ती घालवण्यापेक्षा ती भावाकडे वळवा.

त्याला पडणारं रक्त मूळव्याधीचं असेलही. मूळव्याधीचं रक्त लालभडक, शौच झाल्यावर थेंब थेंब पडणारं, बहुधा न दुखणारं. पण गुदाशयातली गाठही नेमकं असंच रक्त पाडू शकते. आणि मूळव्याध इतक्या लोकांना असते की ती असणं हे गाठ नसल्याचं प्रमाणपत्र होत नाही. त्याची मूळव्याध कुणी तपासली? बोट घालून, प्रॉक्टोस्कोप (गुदद्वारातून आत बघायची छोटी नळी) लावून, की फक्त विचारून? 'बिनटाक्याचं ऑपरेशन' असे बोर्ड लावलेल्या ठिकाणी माणूस सांगतो तेच निदान होतं आणि मलम हातात पडतं. हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी एक मिनिटाची असते, तिला वेगळे पैसे लागत नाहीत, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातल्या गाठी त्या बोटाला लागतात. लाजेपायी रुग्ण म्हणत नाही, गर्दीपायी डॉक्टर करत नाहीत. भावाने ती मागून घ्यावी.

आणि समजा रक्त पडतच नसतं, तरीही त्याची कोलोनोस्कोपीची वेळ झालेलीच आहे. सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी एकाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करतात. वडील ५८, दहा वजा केले तर ४८, म्हणून ४०. भाऊ ४१ चा. तुमची वेळ दोन वर्षांनी. वडिलांना साठीच्या आत निघाल्यामुळे, पहिली स्वच्छ आली तरी ती दर पाच वर्षांनी करायची. ही तपासणी कुणी घरी येऊन करणार नाही. सरकारी मोहिमेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतात, मोठ्या आतड्याचा त्यात नाही.

शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी लॅबमध्ये मिळते. ज्याला काही त्रास नाही आणि घरात इतिहास नाही अशांसाठी ती चांगली. भावाला मात्र तिचा उपयोग नाही. ज्याला डोळ्यांनी रक्त दिसतंय त्याने न दिसणारं रक्त कशाला शोधायचं? शिवाय ती निगेटिव्ह आली की तो सुटकेचा श्वास टाकेल आणि प्रकरण मिटेल. इतर वाचकांसाठी : फिट पॉझिटिव्ह आली तर 'जंत असतील' म्हणून गोळी घेऊन पुन्हा करू नका, थेट कोलोनोस्कोपी.

कोलोनोस्कोपीत बिघडतं ते बहुतेक वेळा तयारीत. आतडं स्वच्छ नसेल तर छोटा कोंब मळाखाली लपतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. लोहाची गोळी चालू असेल तर आठवडाभर आधी बंद, कारण तिने मळ काळा आणि चिकट होतो. आधीचे दोन-तीन दिवस कडक भाकरी, शेंगा चटणी, तीळ, पालेभाजी, पेरू, टोमॅटो बंद. सोलापुरात शेंगा चटणी सोडा म्हणणं धाडसाचं आहे, पण तिचे कण दुर्बिणीच्या नळीत अडकतात. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, अंडं, दही चालतं. आदल्या दिवशी फक्त पातळ : वरणाचं वरचं निवळ पाणी, शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. लाल रंगाचं काही नको, ते आत रक्तासारखं दिसतं. पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर साधारण दोन लिटर पाण्यात कालवून देतात. अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी त्या दिवशी पहाटे घेतली तर आतडं जास्त स्वच्छ होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. घटाघटा प्यायलं की उलटी होते. खारट-तुरट लागतं, थंड करून प्यायलं तर जातं. शेवटची शौच लघवीसारखी पिवळी आणि पारदर्शक हवी. गढूळ असेल तर जाण्याआधी फोन करून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन, मूत्रपिंडाचा त्रास यांपैकी काही असेल तर ते तारीख घेतानाच सांगायचं, आदल्या रात्री नव्हे. गुंगी देतात, त्यामुळे सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आतडं फाटण्याचा धोका असतो, पण तपासणीसाठीच्या कोलोनोस्कोपीत तो हजारात एक किंवा त्याहून कमी.

भावाला 'तुलाही कॅन्सर असेल' असं म्हणू नका, तो दार लावून घेईल. त्याला जंतांची भीती आहे ना? तिथूनच धरा. चाबूककृमी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच राहतो आणि असला तर कोलोनोस्कोपीत पडद्यावर वळवळताना दिसतो. जंत आहेत की नाहीत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर याहून चांगली सोय नाही. शिवाय मूळव्याध असली तर तीही तिथेच दिसेल.

मुलांचं उत्तर वडिलांच्या कागदांत आहे. दोन गोष्टी शोधा. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये एक गाठ आहे की शेकडो कोंबही होते? शेकडो असतील तर तो वेगळा आनुवंशिक आजार, आणि त्यात मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करावी लागते. तसं लिहिलेलं नसेल तर, आणि ५८ व्या वर्षी बहुधा नसेलच, पुढची गोष्ट : ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीवर 'एमएमआर' तपासणी (लसीतलं एमएमआर नव्हे, जनुकांतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) झाली आहे का? आयएचसी पद्धतीने, म्हणजे गाठीच्या पातळ कापावर रंग चढवून, एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ अशी चार प्रथिनं बघतात. झाली नसेल तर पॅथॉलॉजी विभागात गाठीचा मेणातला ब्लॉक ठेवलेला असतो, त्यावर आत्ताही करता येते. चारही शाबूत असतील तर लिंच सिंड्रोमची (आतड्याचा कर्करोग घराण्यात उतरवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शक्यता फार कमी, आणि मुलांना सध्या काहीच करायचं नाही. एखादं नसेल तर पुढे जनुकांची तपासणी. त्यात दोष निघाला आणि तो तुमच्यात किंवा भावातही सापडला, तर चाळिशीची वाट पाहायची नाही. अशा घरात २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. ही एक चाचणी अख्ख्या घराचं वेळापत्रक ठरवते, दर महिन्याच्या जंताच्या गोळ्यांपेक्षा तिच्यावर पैसे घाला.

मुलांना जंताची गोळी जरूर द्या, पण कर्करोगासाठी नव्हे. १ ते १९ वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल मिळते (दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी). तेवढी पुरे. धडधाकट मोठ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला ती घ्यायचं काही कारण नाही.

वडिलांना तर ती मनाने मुळीच देऊ नका. अल्बेंडाझोल वारंवार घेतल्यास यकृतावर ताण येतो आणि अस्थिमज्जा (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) दबू शकते. केमोही अस्थिमज्जाच दाबते. दोन्ही एकदम झालं तर पांढऱ्या पेशी इतक्या उतरतील की साधा ताप जिवावर बेतेल. जनावरांचं फेनबेंडाझोल माणसासाठी मान्यताप्राप्तच नाही. ते घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत, त्याने माणसाचा कर्करोग बरा झाल्याचा पुरावा नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मरतात हे खरं, पण बशीत पेशी मारणाऱ्या गोष्टी हजार असतात. 'केमोऐवजी' हा शब्द घरात कुणी उच्चारला तर हेही सांगा की ऑपरेशननंतरची केमो सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर तिचा फायदा जास्त. प्रयोग करण्यात गेलेला महिना परत मिळत नाही.

वडिलांच्या बाबतीत जंतांचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे तो एका वेगळ्याच जागी. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा कृमी अनवाणी पायांतून शिरतो आणि वर्षानुवर्षं मुकाट पोटात राहतो. केमोच्या आधी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइड मिळालं की हा कृमी बेफाम वाढतो, फुप्फुसापर्यंत पसरतो आणि माणूस दगावू शकतो. त्याला अल्बेंडाझोलचा एक डोस पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवून. वडील शेतात अनवाणी वावरलेले असतील किंवा इओसिनोफिल वाढलेले असतील, तर केमोच्या पहिल्या भेटीत हा कृमी नाव घेऊन विचारा. शौचाची तपासणी सांगितली तर एकच नमुना देऊन भागत नाही. अळ्या रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने, कोरड्या डबीत, लघवी किंवा पाणी न मिसळता, ताजे नेऊन द्यायचे.

पाण्याची काळजी आता घ्या. केमोतल्या माणसाला क्रिप्टोस्पोरिडियम खरंच महागात पडतो, आणि तो क्लोरीनच्या थेंबांना जुमानत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे साठवण्यावाचून गत्यंतर नाही, पण वडिलांचं पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट, मग झाकून निववायचं, आणि तोटीच्या पिंपात भरायचं म्हणजे हात बुडत नाही. केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध असेल तर थंड पाणी चालत नाही. घशात आणि बोटांत झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे अवघड आहे, पण सलाइननंतरचे काही दिवस फ्रिज आणि माठ दोन्ही बंद. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले तर घरी अमीबाची गोळी देऊ नका, रुग्णालयाला फोन करा. ते जुलाब बहुधा केमोचे असतात.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण यंत्रमागाच्या घरात तो प्रश्न असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशन आणि केमो बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि उपचार सुरू होण्याआधीच मंजुरी घ्या. सोलापुरात सिव्हिल आहे, आणि जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाची पहिली ग्रामीण नोंदणीही देशात बार्शीलाच सुरू झाली, १९८७ साली. दर केमोला पुण्या-मुंबईला धावायलाच हवं असं नाही.

वडिलांची कोलोनोस्कोपी ऑपरेशनआधी पूर्ण झाली होती का, की गाठीमुळे नळी पुढे गेलीच नाही, हेही सर्जनना विचारा. अर्धवट राहिली असेल तर उरलेलं आतडं तीन ते सहा महिन्यांत बघून घ्यायचं असतं.

भाऊ तपासणीला जाईल तेव्हा वडिलांच्या बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स त्याच्या हातात द्या आणि जमलं तर सोबत जा. रक्त कधीपासून, किती वेळा, मळात मिसळलेलं की वरून, शौच साफ न झाल्याची भावना, वजन, तंबाखू, एवढं एका कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही. तपासून 'मूळव्याधच आहे' असं सांगितलं आणि मलम लिहून दिलं, तरी खुर्चीवरून उठण्याआधी विचारा : "डॉक्टर, आमच्या वडिलांना ५८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. याची कोलोनोस्कोपी कोणत्या तारखेला करायची?"